नानांची विलायत

सकाळी साडेनऊला मिरची कुटायची नाही, असा आमच्या घरमालकांचा नियम होता. कारण विचारलं की ते म्हणायचे, "मधू झोपलाय." मधू हा त्यांचा मुलगा आणि तो विलायतेत होता. तिकडे त्या वेळी पहाटेचे चार वाजलेले असतात, म्हणून धुळ्यात खलबत्ता वाजवायचा नाही.

माझी आई चोपड्याकडची. तिने हे पहिल्या दिवशी ऐकलं आणि हातातला बत्ता तसाच धरून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. माडीवरच्या दोन हवेशीर खोल्या, दारात नळ, खाली घरंदाज कुटुंब, असं सगळं जुळून आलं होतं. म्हटलं, असेल बापाची माया, आपण मिरची दुपारी कुटू. पुढची सहा वर्षं आम्ही मिरची दुपारीच कुटली.

घरमालकांना सगळी गल्ली नाना म्हणायची. शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातून शिकून ते वर आले होते आणि धुळ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होऊन निवृत्त झाले होते. तीस वर्षं न्यायाधीशांपुढे कागद ठेवल्यामुळे त्यांचं बोलणंही कोर्टातलंच झालं होतं. भाजीत मीठ जास्त पडलं तर ते "हरकत नोंदवतो" म्हणायचे. मे महिन्यात, धुळ्यात कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत अशा उन्हात, नाना ओसरीवर काळा अल्पाकाचा कोट घालून बसलेले असायचे. त्यांच्या डोक्यावर भिंतीला दोन घड्याळं होती. एक आपलं, दुसरं साडेपाच तास मागचं. एकदा घाईत मी चुकीच्या घड्याळाकडे पाहिलं आणि निवांत चहा पीत बसले. शाळेत पोचले तेव्हा पहिला तास संपला होता. नानांना सांगितलं, तर म्हणाले, "विलायतेत तुम्ही वेळेआधी पोचला असतात, बाई."

रविवारी सकाळी पत्राचं वाचन असायचं. नाना निळसर कागद उघडायचे आणि मधूचं पत्र मोठ्याने वाचायचे. त्यांची बायको माई, धाकटी मुलगी शांता आणि मी, अशा तिघी सतरंजीवर बसायचो. पत्रात धुकं असायचं, कॉलेजातले गोरे प्रोफेसर असायचे, आणि त्यांच्यासमोर मधूने केलेली भाषणं असायची. मध्ये मध्ये नाना थांबायचे. मग माईंनी विचारायचं, "थंडी फार आहे का हो तिकडे?" शांताने विचारायचं, "दादाची परीक्षा कधी?" की पुढच्याच ओळीत त्याचं उत्तर यायचं. मला वाटायचं, काय योगायोग आहे. मी मास्तरीण असून मला असं वाटायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

माझ्या वर्गातली एक मुलगी पोस्टाची तिकिटं जमवायची. तिच्यासाठी मी नानांकडे विलायतेचं एक तिकीट मागितलं. नाना म्हणाले, "पाकिटं मी जपून ठेवतो. ती बाहेर काढायची नसतात." दुसऱ्या दिवशी नळावर शांताने मला गाठलं. तिने बादली नळाखाली लावली. भरल्यावर म्हणाली, "बाई, तिकीट नका मागू. पत्रं नानाच लिहितात. शनिवारी दुपारी. कागद मी आणून देते."

"आणि तुम्ही ऐकता?" मी म्हटलं.

"एकदा नाही ऐकलं. नाना दोन दिवस जेवले नाहीत. आईने हात जोडले मग."

पुढचं मला माईंकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मधू कॉलेजात नापास झाला होता, तेही दुसऱ्यांदा. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी. तो गुणपत्रक घेऊन घरी आला तेव्हा नाना याच ओसरीवर बसले होते. ते त्याला म्हणाले होते, "बॅरिस्टर होशील तेव्हाच या दारात ये." एकोणीस वर्षांचा पोरगा तसाच मागे वळला आणि निघून गेला. महिनाभर नानांनी स्टेशनं पालथी घातली. जळगाव, भुसावळ, सुरत. मग एक दिवस घरी आले, आंघोळ केली, बाजारातून दुसरं घड्याळ आणलं आणि माईंना सांगितलं की मधू विलायतेला पोचला.

हे कळल्यावर मला त्यांची कीव यायला हवी होती. आलीही, पण आठवडाभरच. रोज त्यांच्यासोबत राहणाऱ्याला कीव परवडत नाही. कारण त्या खोट्याची किंमत ते स्वतः मोजत नव्हते, शांता मोजत होती. ती बावीसची झाली, तेवीसची झाली, चोविसावं लागलं. स्थळं यायची आणि नाना सांगायचे, भाऊ बॅरिस्टर होऊन आल्याशिवाय मुलीचं लग्न करायचं नाही. कधी येणार विचारलं की म्हणायचे, "तारीख पडली आहे."

जळगावचं एक स्थळ मला फार पसंत होतं. मुलगा शाळेत चित्रकला शिकवायचा, अबोल आणि सरळ. त्याचे वडील पोस्टमास्तर होते. नानांनी त्यांच्यापुढेही पत्र उघडलं. पोस्टमास्तरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चहा घेतला आणि उठले. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले, कारण मला राहवलं नाही. म्हटलं, मुलगी फार गुणाची आहे. ते म्हणाले, "ते दिसलंच. पण बाई, परदेशातून पत्र आलं की घरातल्या माणसांना ते हातात घ्यायचं असतं. इथे कुणी हात पुढे केला नाही." एवढं बोलून ते टांग्यात बसले. त्या मुलाच्या मनात मात्र शांता राहिली होती, हे आम्हाला पुढे कळायचं होतं.

मधू गेल्याला नऊ वर्षं होत आली, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो आला.

शाळेला सुट्टी होती. मी जिन्यात बसून गहू निवडत होते. दारात एक उंच, उन्हाने रापलेला माणूस उभा राहिला. खाकी कपडे, खांद्यावर केळीचा अख्खा घड. नाना ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्यांनी त्याला ओळखलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"कोण हवंय आपल्याला?" नाना म्हणाले.

"नाना, मी मधू."

"मधू विलायतेत असतो. आपण बसा. ऊन फार आहे."

तो बसला. "रावेरहून आणलीत," म्हणाला, पण घड खाली कुठे ठेवावा हे त्याला कळेना. आवाज ऐकून माई बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. नाना त्यांना म्हणाले, "हे मधूच्या वर्गातले. रावेरची केळी आणलीत आपल्यासाठी." मला वाटलं, आता ही बाई धावेल, पोराला मिठी मारेल, हा सगळा खेळ मोडेल. पण नऊ वर्षं दर रविवारी ठरलेला प्रश्न विचारायची सवय लागलेली बाई ती. तिने पदर सारखा केला, "चहा ठेवते" म्हणाली आणि आत गेली. स्वयंपाकघरात एकामागून एक दोन भांडी पडली.

मला असह्य झालं. गव्हाचं सूप तिथेच टाकून मी खाली गेले आणि नानांना तोंडावर म्हटलं की हा तुमचा मुलगा आहे आणि हे तुम्हालाही माहीत आहे. नाना शांतपणे म्हणाले, "बाई, या प्रकरणात तुम्ही भाडेकरू आहात, पक्षकार नाही."

माझी आई जिन्यावर उभी होती. ती कपाळाला हात लावून आपल्या अहिराणीत म्हणाली, "दारमा पोऱ्या उभा शे, आनि हाऊ म्हणस, पोऱ्या विलायतमा शे." मग ती खाली उतरली आणि मधूला हाताला धरून आमच्या माडीवर घेऊन आली.

तिथून पुढे आमची माडी म्हणजे माईंचं माहेर झालं. मधू रावेरला एका केळीवाल्या शेतकऱ्याकडे ट्रक चालवत होता. लग्न झालं होतं, वर्षाची मुलगी होती. महिन्यातून दोनदा तो धुळ्याला यायचा. खाली नानांना नमस्कार करायचा, नाना त्याला "या, बसा" म्हणायचे, रावेरच्या पाऊसपाण्याची चौकशी करायचे आणि मग आपल्या विलायतेतल्या मुलाची हुशारी त्यालाच ऐकवायचे. तो ऐकून घ्यायचा. मी त्याला विचारलं, तुला राग येत नाही का. तो म्हणाला, "येतो ना. पण त्या मधूबद्दल बोलताना ते किती खूश असतात, बघा. माझ्याबद्दल कधी असं बोलले नव्हते." मग तो वर यायचा, आणि माई काहीतरी निमित्त काढून मागून यायच्या. आईने भाकरी थापायची, माईंनी त्याला वाढायची, आणि मी दारात पहारा द्यायचा. त्या वयात मी दुसऱ्यांच्या घरातला लपंडाव सांभाळत बसले होते.

आता नाटकाचं सांगते. नाना दरवर्षी गल्लीच्या गणेशोत्सवासाठी नाटक लिहायचे. आधीची नाटकं पौराणिक असायची. त्या वर्षी त्यांनी कौटुंबिक लिहिलं. एक बाप आहे, एक मुलगी आहे, आणि परदेशी गेलेला मुलगा शेवटच्या अंकात बॅरिस्टर होऊन परत येतो. बापाचं काम स्वतः नानांचं, मुलीचं शांताचं. बॅरिस्टर म्हणून गल्लीतल्या दवाखान्यातला कंपाउंडर. मला न विचारता मला प्रॉम्प्टर नेमण्यात आलं.

नाटकात आई नव्हती. भिंतीवर हार घातलेला तिचा फोटो होता. आणि तो फोटो त्यांनी माईंचाच लावला होता. मी तालमीत विचारलं, "नाना, जिवंत बाईच्या फोटोला हार?" ते म्हणाले, "आई स्टेजवर असली की ती रडते, आणि प्रवेश लांबतो." माईंना हे कळलं. झेंडूचा हार त्यांनीच ओवून दिला.

शांताला तालमीसाठी घरी कुणीतरी समोर लागायचं. मधू आला की तो बॅरिस्टरची वाक्यं वाचायचा. चार-पाच फेऱ्यांत त्याला ती पाठ झाली. दोघं बहीणभाऊ आमच्या माडीवर हसून हसून बेजार व्हायचे. शांता इतकी हसू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी, फक्त बायकामुलांसाठी होता. सकाळी कंपाउंडरचे दोन्ही गाल सुजले. गालगुंड. कार्यकर्ते धावत नानांकडे आले. शांता म्हणाली, "रावेरचे ते पाहुणे आलेत ना, त्यांना पाठ आहे." नानांनी मधूला उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पाठांतर पक्कं आहे?" तो हो म्हणाला. नानांनी अंगातला अल्पाकाचा कोट काढला आणि त्याला घातला. बाह्या बरोबर मनगटावर आल्या. नानांनी त्याची कॉलर सारखी केली, आणि त्यांचा हात तिथे जरा जास्त वेळ राहिला.

माई पहिल्या ओळीत बसल्या होत्या. समोर स्टेजवर त्यांचाच हार घातलेला फोटो होता. शेजारच्या बायका त्यांच्याकडे बघून कुजबुजत होत्या.

तिसऱ्या अंकात मधूने प्रवेश केला. वाक्य असं होतं: "बाबा, मी आलो. पदवी घेऊन आलो." तो नानांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, मी आलो." आणि थांबला. मी पडद्याआडून सांगितलं, पदवी घेऊन आलो. त्याने ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको अशी. मी वही मिटली.

नाटकाप्रमाणे बापाने खुर्चीत बसूनच आशीर्वाद द्यायचा होता. नाना उठले. त्यांनी मधूला दोन्ही हातांनी धरलं, त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडू लागले. "उशीर केलास रे," ते म्हणत होते. "चुकलो मी, पण किती उशीर केलास." हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मांडवात एकही बाई कोरड्या डोळ्यांनी बसली नव्हती. शांताने भावाची बाही घट्ट धरली होती. मीही रडत होते, आणि मनात म्हणत होते की सुटलो एकदाचे सगळे.

पडदा पडला. माई मागच्या दाराने धावत स्टेजवर आल्या. नाना खुर्चीत बसून उपरण्याने तोंडावरचा रंग पुसत होते. त्यांनी उपरणं खाली ठेवलं, मधूकडे पाहिलं आणि म्हणाले, "काम उत्तम केलंत. आपलं नाव काय म्हणालात?"

"मधू," तो म्हणाला.

"नावही तेच. योगायोग आहे," नाना म्हणाले.

मधूने कोट काढला, घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. माईंनी भिंतीवरचा स्वतःचा फोटो उतरवला आणि हार काढून शांताच्या हातात दिला. मग नानांपुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं मी तुम्हाला विचारत आले, थंडी फार आहे का. मला एकदाही विचारलं नाहीत, की तू कशी आहेस." नानांनी तोंड उघडलं, पण माई थांबल्या नाहीत. संध्याकाळच्या गाडीने त्या शांताला घेऊन मधूबरोबर रावेरला गेल्या. दुसरा प्रयोग झाला नाही.

मला वाटलं, आता तरी माणूस जागा होईल. तिसऱ्या दिवशी वाण्याने विचारलं, माई दिसत नाहीत. नाना म्हणाले, "मंडळी विलायतेला गेलीत, मधूकडे." मी तिथेच उभी होते. तेल घ्यायला आणलेली बरणी त्यांच्या डोक्यात घालावी, असं मला अगदी मनापासून वाटलं.

रविवारची पत्रं चालूच राहिली. आता त्यात माईंना तिकडचं दूध आवडत नाही आणि शांता इंग्रजी शिकते आहे, असा मजकूर येऊ लागला. ऐकायला मी एकटीच. ते मध्ये थांबायचे आणि म्हणायचे, "विचारा ना काही." मी म्हणायचे, "मला काही विचारायचं नाही." मग ते दुसऱ्यांदा, हळू आवाजात म्हणायचे, "विचारा हो." मी उठून वर जायचे. आई मात्र रोज दोन वेळा त्यांना ताट पाठवायची आणि रोज दोन वेळा त्यांना शिव्या घालायची.

माघात शांताचं लग्न ठरलं. जळगावच्या त्याच चित्रकला शिक्षकाशी. मधूने स्वतः जाऊन पोस्टमास्तरांना सगळं खरं सांगितलं होतं. पोस्टमास्तर म्हणाले म्हणे, आता हे पत्र हातात घेता येईल. लग्न रावेरला होतं. मी नानांना न्यायची तयारी केली, तर ते म्हणाले, "भाऊ परदेशी असताना मुलीचं लग्न कसं होईल? कुणीतरी तुमची दिशाभूल केली आहे, बाई." मी जिना चढताना तोंडाने काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. आई आणि मी दोघीच गेलो.

मंगलाष्टकं सुरू व्हायला थोडा वेळ होता. मांडवाच्या तोंडाशी मधूचे मालक पाहुण्यांचं स्वागत करत होते. मी तिथेच उभी होते, तेवढ्यात पाहिलं. काळा कोट, हातात छत्री आणि एक पुडकं. नाना. मालकांनी हात जोडून विचारलं, "आपण कुणाकडचे?"

"वधूच्या वडलांचा मी स्नेही," नाना म्हणाले. "त्यांना यायला जमलं नाही. त्यांच्या वतीने आलो आहे."

मी पुढे होणार होते, पण आईने माझं कोपर धरलं. मधू आला. त्याने ते ऐकलं होतं. "या," तो म्हणाला आणि त्याने त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. कन्यादान त्याने आणि त्याच्या बायकोने केलं. नाना बघत होते. त्यांनी टाकलेल्या बहुतेक अक्षता त्यांच्याच कोटावर पडल्या. शांता पाया पडायला आली. तिने सगळ्या थोरांना केला तसाच त्यांनाही नमस्कार केला. त्यांनी पुडकं तिच्या हातात दिलं. "तुझ्या वडलांनी दिलंय," ते म्हणाले. त्यात लाल काठांचं पातळ होतं. शांता ते दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांना सांगा, मी हेच नेसून सासरी जाईन."

पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. माई स्वतः वाढत होत्या. नानांच्या पानापाशी आल्या आणि थांबल्या. सहा महिन्यांत दोघं एकमेकांसमोर पहिल्यांदाच आली होती. नाना पानाकडेच बघत म्हणाले, "त्यांना तुमची फार आठवण येते. घरी कुणी नसतं."

माईंनी बुंदी वाढली. मग म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, रावेर काही विलायतेत नाही. गाडी रोज येते."

नानांनी मान हलवली. "सांगतो," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे पुसले आणि पान थोडं पुढे सरकवून आणखी बुंदी मागितली. माईंनी वाढली.